हे सगळं उचलतं कोण?

मागच्या महिन्यात एका मित्राने मला एक व्हिडिओ पाठवला. गोव्यात समुद्राकाठी उभी असलेली एक गाडी. मागचं दार उघडलं की आत छोटंसं घर: गादी, गादीखाली ड्रॉवर, भिंतीतून खाली येणारं टेबल, टेबलावर लॅपटॉप. गाडीचा मालक सांगत होता की मी नोकरी इथूनच करतो, कंटाळा आला की पुढच्या किनाऱ्यावर जातो. मित्राने खाली लिहिलं होतं, "तुझ्या थिसिसमध्ये हे येतं का?"

येतं. माझा विषय फिरती घरं आणि फिरती कार्यालयं हाच आहे. दख्खनच्या वाटांवर पडलेल्या छावण्या, डेरे, राहुट्या, पालं. ज्याला आज नवी जीवनशैली म्हणतात, तिचा इतिहास चारशे वर्षं तरी सहज मागे नेता येतो. तो इतिहास आज थोडक्यात सांगते. पण तुमच्यापैकी बरेच जण पेटची तयारी करत असतील, काहींचा सिनॉप्सिस अडकला असेल, म्हणून त्याबरोबर माझा सिनॉप्सिस कसा अडकला आणि कसा सुटला तेही सांगते.

माझ्या पहिल्या सिनॉप्सिसचं शीर्षक होतं 'दख्खनमधील छावण्यांची रचना'. तंबूंचे प्रकार, त्यांची कापडं, मांडणी, नकाशे असं सगळं मी त्यात भरलं होतं. गाईड मॅडमनी तो वाचला आणि समासात पेन्सिलीने एकच ओळ लिहिली: "हे सगळं उचलतं कोण?" मला खरं तर राग आला. पंधरा पानांवर एवढीच प्रतिक्रिया? चार दिवसांनी तीच साधनं पुन्हा उघडली, तेव्हा कळलं की मी प्रत्येक ठिकाणी ती ओळ ओलांडून पुढे गेले होते. उत्तर समोर होतं आणि मी तंबूची लांबी-रुंदी टिपत बसले होते.

आधी शब्द तपासा

कुठलाही विषय हातात घेतला की पहिले दोन दिवस शब्दकोशाला द्या. फुकट असतं आणि खूप मिळतं.

आपण पत्त्यावर 'मु. पो.' लिहितो. मुक्काम पोस्ट. मुक्काम म्हणजे प्रवासात थांबण्याची जागा. ज्या गावात सात पिढ्या गेल्या, त्या गावालाही आपण कागदावर मुक्कामच म्हणतो. शाळेतल्या मुलाच्या पाठीवर 'दप्तर' असतं. दप्तर म्हणजे सरकारी कागदपत्रं आणि ती ठेवण्याची जागा. पुण्याच्या पुराभिलेखागारात पेशवे दप्तर बघायला गेलात तर कागद 'रुमालांत' मागवावे लागतात. रुमाल म्हणजे कापडात बांधलेला कागदांचा गठ्ठा. कपाटातली फाईल जागेवरून हलत नाही. रुमाल गाठ मारली की बैलावर, घोड्यावर, माणसाच्या डोक्यावर, कुठेही चढतो. ज्या राज्याचा कारभार वर्षातले कित्येक महिने मोहिमेवर असायचा, त्याचं कार्यालय असंच असणार.

एखाद्याचं कौतुक करताना आपण 'बिनीचा शिलेदार' म्हणतो. बिनी म्हणजे फौजेच्या पुढे चालणारी तुकडी. पुढचा तळ कुठे पडणार ते ठरवणाऱ्या अधिकाऱ्याला बिनीवाले म्हणत, आणि ते आडनाव आजही आहे.

आणि फरासखाना. पुण्यात बुधवार पेठेत या नावाचं पोलीस ठाणं आहे, तिथून रोज हजारो लोक जातात. फरास म्हणजे तंबू ठोकणारा, बिछायत घालणारा नोकर. फरासखाना म्हणजे तंबू, कनाती, सतरंज्या ठेवायचं कोठार. मराठी राज्याच्या अठरा कारखान्यांत, म्हणजे सरकारी खात्यांत, जवाहिरखाना, तोफखाना, पीलखाना यांच्या रांगेत फरासखानाही होता. तंबू सांभाळायला स्वतंत्र खातं लागत होतं. एवढ्यावरून तरी मला प्रश्न पडायला हवा होता. खातं आहे म्हणजे माणसं आहेत, माणसं आहेत म्हणजे त्यांचा पगार कुणाच्या तरी हिशेबात आहे. पण मी 'फरासखाना' हा शब्द तळटीपेत टाकून पुढे गेले होते.

बादशहाचं घर

फिरत्या घराचं सर्वांत तपशीलवार वर्णन अबुल फजलने 'आईन-ए-अकबरी'त केलंय. अकबराचा तळ पडायचा तेव्हा एक शहर उभं राहायचं. बाहेरून 'गुलालबार' नावाचं मोठं कुंपण. त्याचे भाग चामड्याच्या पट्ट्यांनी जोडलेले, घडी घालून नेता येणारे, आणि त्याच्या दरवाजांना कुलपं. आत अठरा खांबांवर उभं राहणारं दुमजली लाकडी घर, ज्याच्या वरच्या मजल्यावर बादशहा प्रार्थना करायचा. दरबाराचा मोठा तंबू, 'बारगाह', दहा हजारांहून जास्त माणसं मावतील एवढा. मैदानात चाळीस गज उंच खांब, सोळा दोरखंडांनी ताणून उभा केलेला, आणि त्याच्या टोकाला दिवा. त्याचं नाव आकाशदिवा. रात्री वाट चुकलेल्याने त्या दिव्याकडे बघत यायचं.

हा दिवा शोभेचा नव्हता. १६६४ च्या डिसेंबरात फ्रेंच वैद्य फ्रान्स्वा बर्निये औरंगजेबाच्या तळाबरोबर दिल्लीहून निघाला, लाहोरमार्गे काश्मीरला. त्याने लिहून ठेवलंय की संध्याकाळी शेणाच्या आणि ओल्या लाकडाच्या चुली पेटल्या की तळावर इतका धूर कोंडायचा की आपला तंबू सापडत नसे, आणि तो स्वतः अशा धुरात अडकला होता. तळाची मांडणी मात्र प्रत्येक मुक्कामाला तीच. जागा बदलायची, नकाशा बदलायचा नाही. बादशहाच्या तंबूंचे दोन संच असायचे. एकात तो झोपलेला असताना दुसरा पुढच्या मुक्कामाला निघालेला असायचा. म्हणून बादशहाला घर बदलतंय असं जाणवतच नसे.

माझ्या पहिल्या सिनॉप्सिसमध्ये हे सगळं होतं. आता मी जिथून उडी मारली होती तो भाग बघा. अबुल फजल सांगतो की एका तळाच्या वाहतुकीला १०० हत्ती, ५०० उंट, ४०० गाड्या आणि १०० ओझेवाले लागतात. सोबत ५०० स्वार. शिवाय १००० फरास, ५०० बेलदार, १०० पाणके, ५० सुतार, तंबू शिवणारे आणि मशालजी, ३० चामड्याचं काम करणारे, १५० झाडूवाले. मोठी बारगाह उभी करायला १००० फरासांना एक आठवडा लागायचा.

बेरीज करा. स्वार सोडले तरी १८०० हून जास्त माणसं. आणि या यादीत गाड्या ४०० आहेत, पण गाडीवान वेगळे मोजलेले नाहीत. उंट ५०० आहेत, उंटवाले नाहीत. म्हणजे ज्या यादीत इतका तपशील आहे, तिच्यातही उचलणाऱ्यांपैकी काही जण जनावराच्या आकड्यात विरून गेलेत. साधन वाचताना 'काय मोजलंय' हे आपण सगळेच बघतो. 'काय मोजलं नाही' हे बघायला सवय लागते. मला ती नव्हती.

पंचवीस वर्षांचा मुक्काम

हा तळ आपल्याकडे आला तो १६८१ मध्ये. औरंगजेब दख्खनच्या मोहिमेवर निघाला आणि परत उत्तरेत गेलाच नाही. ३ मार्च १७०७ ला तो अहमदनगरला वारला. म्हणजे आयुष्याची शेवटची पंचवीस वर्षं एवढ्या मोठ्या साम्राज्याची राजधानी व्यवहारात तंबूंची होती. १६९५ ते १६९९ हा तळ भीमेकाठी ब्रह्मपुरीला होता, पंढरपूरच्या खालच्या अंगाला. त्याला इस्लामपुरी असं नाव दिलं होतं. १६९५ मध्येच इटालियन प्रवासी जेमेली करेरी कृष्णेकाठच्या गलगल्याच्या तळावर गेला होता. तळाचा घेर तीस मैल आणि आत अडीचशे बाजार असं तो लिहितो.

इथे थांबा. हे आकडे त्याने मोजलेले नाहीत, त्याला कुणीतरी सांगितलेले आहेत. असे आकडे थिसिसमध्ये वापरायचे असतील तर 'करेरीच्या ऐकिवात' असा शब्द त्यांच्या आधी यायलाच हवा. आकडा फुगलेला असेल, पण त्यातून एक गोष्ट कळते. तळावर बाजार होते, आणि ते बरेच होते. इतक्या माणसांना आणि जनावरांना रोज दाणागोटा लागायचा. तो फरास आणत नव्हते. मग कोण आणत होतं? उत्तर पुढे देते.

मराठ्यांच्या छावणीचं जवळून केलेलं वर्णन हवं असेल तर टॉमस ब्रॉटनची पत्रं वाचा. हा इंग्रज अधिकारी १८०९ मध्ये दौलतराव शिंद्यांच्या छावणीबरोबर फिरत होता. त्याची पत्रं १८१३ मध्ये पुस्तकरूपाने आली. लेखकाला छावणीबद्दल फारसं प्रेम नाही आणि त्याचा तिरकस सूर पानोपानी जाणवतो, तेव्हा मीठ घालूनच वाचा. पण तळ कसा पडतो हे तो नेमकं सांगतो. बिनीवाले पुढे जाऊन जागा हेरतात. महाराजांच्या डेऱ्याच्या जागी, म्हणजे देवडीच्या जागी, पांढरं निशाण रोवतात. मग बाजारांची निशाणं शक्यतो एका ओळीत. मागून येणारा प्रत्येक जण आपलं निशाण बघून आपल्या जागी उतरतो.

पुढे १८१० मध्ये शिंद्यांची छावणी ग्वाल्हेरजवळ पडली ती उठलीच नाही. तंबूंच्या जागी घरं झाली, घरांचं शहर झालं, आणि त्या शहराचं नाव आजही 'लष्कर' आहे. स्थिर गाव आणि फिरती छावणी यांच्यात आपण मानतो तेवढी पक्की भिंत नाही. छावणीचं गाव होतं, गावाचा पत्ता मुक्काम म्हणून लिहिला जातो.

साहेबाचा दौरा आणि एक खुर्ची

इंग्रजी अमलातही कारभार तंबूतूनच चालायचा. पाऊस संपला, वाटा सुकल्या की कलेक्टर आणि त्याचे असिस्टंट जिल्ह्याच्या दौऱ्यावर निघत. हिवाळ्याचे महिने राहुट्यांत जात. आंबराईत तळ. एक तंबू राहण्याचा, एक कचेरीचा, कारकुनांच्या राहुट्या वेगळ्या. सकाळी पिकं आणि हद्दी बघायच्या, दुपारी कचेरीच्या तंबूत फिर्यादी ऐकायच्या. मोठ्या साहेबांकडे इथेही तंबूंचे दोन संच असत. एक रात्रीतून पुढे जाई, साहेब सकाळी घोड्यावरून पोहोचे तेव्हा डेरा ठोकलेला आणि चहा तयार.

या फिरत्या जगण्यातून एक वेगळंच फर्निचर तयार झालं. पितळी कोपऱ्यांच्या पेट्या, ज्यांचे मधोमध दोन भाग होऊन जनावराच्या दोन बाजूंना लादता येत. घडीचे पलंग, घडीची टेबलं. आणि रुडकीची खुर्ची. ही खुर्ची रुडकीच्या लष्करी इंजिनिअरांच्या ठाण्यावरून नावारूपाला आली. सरस नाही, खिळे नाहीत. लाकडी पाय आणि आडव्या पट्ट्या एकमेकांत बसवायच्या, वर कॅनव्हास, चामड्याचे पट्टे आवळायचे. जमीन उंचसखल असली तरी बसणाऱ्याच्या वजनाने चारही पाय टेकतात. सोडली की सगळी एका पिशवीत मावते. १९३३ मध्ये डेन्मार्कच्या कोरे क्लिंटने हाच नमुना घेऊन 'सफारी खुर्ची' केली, आणि आज डिझाईनच्या पुस्तकांत तिला मानाचं पान असतं. गोव्यातल्या त्या गाडीबाहेर घडीची खुर्ची होती, ती याच घराण्यातली.

डिझाईनचा इतिहास लिहिणारे या खुर्चीला 'हलकी' म्हणतात. एक खुर्ची हलकीच आहे. पण दौऱ्याचं सामान म्हणजे एक खुर्ची नव्हे. तंबू, पलंग, पेट्या, दप्तरं, स्वयंपाकाची भांडी, साहेबाची पुस्तकं. आणि हे सगळं एका गावाहून दुसऱ्या गावी कोण नेत होतं? गावातल्या गाड्या सक्तीने धरल्या जात. माणसं वेठीला धरली जात. महाराष्ट्रात सरकारी निरोप पोहोचवणं, वाट दाखवणं, सामान उचलणं हे वतनाच्या नावाखाली महारांच्या माथी होतं, वेळ-अवेळ न बघता. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२८ मध्ये मुंबई कायदे मंडळात वतन कायद्याच्या दुरुस्तीचं विधेयक मांडलं, त्याच्या मागे हे ओझंही होतं. मी जो विषय 'वास्तुरचना' म्हणून लिहीत होते, तो इथे पोहोचेपर्यंत जातीचा आणि श्रमाचा विषय झालेला होता.

उचलणारे सापडतात, पण कुठे?

आता तो राहिलेला प्रश्न. तळावर धान्य कोण आणत होतं?

बंजारे. बैलांच्या पाठीवर गोण्या लादून हजारो बैलांचे तांडे फौजेमागे चालत. मोगलांना त्यांनी धान्य पुरवलं, मराठ्यांना पुरवलं, नंतर इंग्रजांच्या फौजांनाही पुरवलं. तांडा हे स्वतःच एक फिरतं गाव होतं. रात्री गोण्या रचून आडोसा करायचा, मधे माणसं, बाजूला बैल. माल, गोदाम आणि घर एकाच ठिकाणी. मग सडका झाल्या, १८५३ मध्ये मुंबई-ठाणे रेल्वे धावली, पुढे ती घाट चढून दख्खनमध्ये आली आणि बैलांच्या पाठीवरचा व्यापार संपत गेला.

छप्परबंद. नावातच काम आहे. मोगल फौजेसाठी तळावर छपरं बांधणारे म्हणून हे लोक दख्खनमध्ये आले, असं इंग्रजी काळातल्या जातिवर्णनांत लिहिलेलं सापडतं. शिवाय बेलदार, वडार, पारधी असे कितीतरी समाज, ज्यांचं जगणंच वाटेवर होतं.

आणि आता ही दुसरी यादी बघा. १८७१ मध्ये इंग्रज सरकारने गुन्हेगार जमाती कायदा केला. जमात 'गुन्हेगार' म्हणून जाहीर झाली की तिच्यातल्या माणसांची नोंद करायची, त्यांच्या हालचालीवर बंधन घालायचं, पासाशिवाय हद्द ओलांडली तर शिक्षा. ज्यांना ठरलेलं घर नाही त्यांना सरकार सांगेल तिथे राहायला लावायचं. सुरुवातीला हा कायदा उत्तर भारतात लागू होता. १९११ च्या सुधारित कायद्याने तो मुंबई इलाख्यातही आला. सोलापूरला सेटलमेंट उभी राहिली, आणि ते नाव त्या भागाला आजही आहे. आत हजेरी, बाहेर गिरणीतलं काम. हा कायदा रद्द झाला ३१ ऑगस्ट १९५२ रोजी. म्हणून ३१ ऑगस्टला विमुक्त दिन पाळतात.

त्या कायद्यातून सुटलेल्या समाजांना महाराष्ट्रात विमुक्त जाती म्हणतात. ती यादी मी अभ्यासिकेत बसून वाचत होते. बंजारा. छप्परबंद. वडार. पाल पारधी, ज्यांच्या नावातच पाल आहे. ज्यांनी तळाचं धान्य वाहिलं आणि ज्यांनी तळाची छपरं बांधली, ते सगळे इथे होते. मॅडमच्या प्रश्नाचं उत्तर मला वास्तुशास्त्राच्या कपाटात मिळालं नाही. ते पोलिसांसाठी केलेल्या कायद्याच्या यादीत होतं.

एकाच काळातलं एकच चित्र डोळ्यांसमोर आणा. दिवाळी झाली आहे. एका वाटेने साहेबाचा दौरा निघालाय, तंबू, पलंग, कचेरी सगळं बरोबर. दुसऱ्या वाटेने पारध्यांची पालं निघाली आहेत. दोघंही वर्षातले महिनोन्‌महिने कापडाखाली झोपतात. दोघंही आपलं काम बरोबर घेऊन फिरतात. एकाच्या फिरण्याला 'प्रशासन' म्हटलं गेलं, त्याला भत्ता मिळाला. दुसऱ्याच्या फिरण्याला 'संशय' म्हटलं गेलं, त्याला पास काढावा लागला. आणि तो पास देण्याचे नियम करणारं सरकार स्वतः अर्धा हिवाळा तंबूत राहत होतं.

रजिस्टर नदीत गेलं तेव्हा

इथवर आल्यावर मला वाटलं, आता फक्त नोंदी शोधायच्या. उचलणाऱ्यांची नावं कुठेतरी असतीलच. तेव्हा एक घटना वाचनात आली आणि मी पुन्हा अडखळले.

कुमाऊँच्या डोंगरात साहेबांच्या दौऱ्याचं सामान गावकऱ्यांनी फुकट किंवा नाममात्र मोबदल्यात वाहायचं, अशी पद्धत होती. तिला कुली-बेगार म्हणत. कुणाची पाळी आहे याची रजिस्टरं गावच्या प्रधानांकडे असत. १४ जानेवारी १९२१ ला, उत्तरायणीच्या जत्रेत, बागेश्वरला हजारो लोक जमले. बद्रीदत्त पांडे आणि त्यांचे सहकारी पुढे होते. बेगार करणार नाही अशी शपथ घेतली गेली आणि प्रधानांनी ती रजिस्टरं शरयू नदीत फेकून दिली.

इतिहासाची विद्यार्थिनी म्हणून माझी पहिली भावना काय होती, ते खरं सांगते. हळहळ. कोणी, किती दिवस, कुणाचं सामान वाहिलं, हे सांगणारी साधनं पाण्यात गेली. माझ्यासारखीने त्यांवर एक आख्खं प्रकरण लिहिलं असतं.

मग माझी मलाच लाज वाटली. मला जे साधन वाटत होतं, ते त्या माणसांसाठी मानेवरचं जू होतं. नाव रजिस्टरात असणं म्हणजे उद्या पेटी डोक्यावर येणं. सोलापूरच्या हजेरीपटाचंही तेच. या देशात उचलणाऱ्या माणसाचं नाव कागदावर आलं ते बहुतेक वेळा त्याला धरून ठेवण्यासाठी आलं. ज्याचं नाव कुठेच नाही, तो कदाचित निसटलेला माणूस असेल. साधनांतली प्रत्येक रिकामी जागा ही उणीव असते असं मानून चालू नका.

तुमच्यासाठी तीन कामाच्या गोष्टी

उपदेश नको असेल तर हा भाग गाळा. पण सिनॉप्सिस लिहीत असाल तर वाचा.

पहिली गोष्ट. विषय वस्तूचा असो, इमारतीचा असो की संस्थेचा, कागदावर तीन रकाने आखा: वापरतो कोण, वाहतो कोण, लिहितो कोण. रुडकीच्या खुर्चीसाठी भरून बघा. पहिला रकाना लगेच भरतो. तिसराही भरतो. दुसरा रिकामा राहिला तर तिथे तुमचा प्रश्न आहे. 'रिसर्च गॅप' म्हणून आपण सगळे जे शोधत असतो, ते पुष्कळदा असं अगदी समोर असतं.

दुसरी. एका प्रकारच्या साधनांत उत्तर मिळालं नाही तर दुसऱ्या खात्यात जा. तंबूचा इतिहास फरासखान्याच्या हिशेबात आहे, जमाबंदीच्या कागदांत आहे, पोलिसांच्या अहवालात आहे, आणि आत्मकथनांतही आहे. लक्ष्मण माने यांचं 'उपरा' १९८० चं, लक्ष्मण गायकवाड यांचं 'उचल्या' १९८७ चं. आपल्या विद्यापीठांत ही पुस्तकं मराठीचे विद्यार्थी वाचतात आणि इतिहासाचे विद्यार्थी 'तो साहित्याचा भाग' म्हणून सोडून देतात. तसं करू नका. ज्या कुटुंबाचं घर गाढवाच्या पाठीवर होतं त्याची बाजू दुसरीकडे सहजासहजी मिळत नाही. मात्र आत्मकथनही साधन म्हणूनच वाचा, पुरावा आणि आठवण यांतला फरक सांभाळून.

तिसरी. पोलिसी नोंदीतली भाषा जशीच्या तशी आपल्या वाक्यात येऊ देऊ नका. जुन्या अहवालात 'अमुक जमात चोऱ्या करते' असं वाक्य असतं. टिपण काढताना ते आपण उतरवतो, आणि सहा महिन्यांनी ते आपलंच वाक्य म्हणून प्रकरणात बसतं. माझ्या एका कच्च्या मसुद्यात असं झालं होतं. तेव्हापासून मी टिपणात प्रत्येक अशा वाक्याआधी 'अहवाल म्हणतो' हे दोन शब्द लिहिते. छप्परबंदांबद्दल वर लिहितानाही तेच केलंय, लक्षात आलं असेल.

परत त्या गाडीकडे

मित्राला मी काय उत्तर दिलं? त्याला मी दोन फोटो पाठवले. दोन्ही रस्त्याकडेला काढलेले.

पहिला घिसाड्याच्या पालाचा. चार काठ्या, वर ताडपत्री. जमिनीत उकरलेली भट्टी, बाजूला भाता, ऐरण, पकडी. नवरा तापलेलं लोखंड धरतो, बायको घण मारते. विळा, खुरपं, कुऱ्हाड जागेवर करून मिळते. मागे चूल, झोळीत मूल. काम संपलं की तासाभरात सगळं गाडीवर. राहण्याची आणि कामाची जागा एकच, कमीत कमी सामान, प्रत्येक वस्तू उचलता येईल अशी. डिझाईनच्या वर्गात शिकवतात ते सगळं त्यात आहे.

दुसरा ऊसतोड कामगारांच्या कोपीचा. दसरा-दिवाळीच्या सुमारास बीडकडची कुटुंबं साखर कारखान्यांच्या भागात येतात आणि गळीत हंगाम संपेपर्यंत अशा कोप्यांत राहतात. बांबू, चटई, पाचट, वरून प्लास्टिक. आत वाकून जावं लागतं. याच महिन्यांत कधीकाळी साहेबाचा दौराही निघायचा.

गोव्यातल्या त्या मुलावर माझा काही राग नाही. गाडी खरंच छान केलीय, आणि ती तो स्वतः चालवतो, स्वतः धुतो. पण तो किनाऱ्यावर गाडी लावतो तेव्हा त्याला कुणी 'कुठून आलात, कशाला आलात, किती दिवस' असं दरडावून विचारत नाही. पालात राहणाऱ्यांना हा प्रश्न नवीन गावात पहिल्याच दिवशी विचारला जातो. कायदा १९५२ मध्ये गेला, प्रश्न गेला नाही. माझ्या थिसिसमध्ये हा प्रश्न आता पहिल्या प्रकरणात आहे.

नव्या सिनॉप्सिसचं शीर्षक अजून पक्कं झालेलं नाही. मॅडमची पेन्सिलीची ओळ मात्र मी खोडलेली नाही. तुमच्या विषयात 'उचलणारा' कोण आहे ते एकदा शोधून बघा. सापडला, किंवा अजिबातच सापडला नाही, तर खाली कमेंटमध्ये लिहा. मला दोन्ही वाचायला आवडेल.